मूळ कारण

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि निम्म्याहून अधिक मुलांना केटी लागली. सोलापुरातलं एक महाविद्यालय, मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं. तिथं आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम चालायचा. रुग्णांचे केस पेपर लावणं आणि जपणं, त्यातल्या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातला कोड देणं, जन्ममृत्यूची आणि रोगांची आकडेवारी काढणं, संगणकावरच्या नोंदी सांभाळणं, असं ते शिक्षण. प्राचार्यांनी शिक्षकांकडे एक तक्ता पाठवला. नापास विद्यार्थ्याचं नाव, विषय, कारण. कारणाचा रकाना दोन बोटं रुंद. संध्याकाळी तक्ता भरून परत आला तेव्हा पहिल्या नावापुढं लिहिलं होतं, 'अभ्यास केला नाही', आणि खाली पानभर 'वरीलप्रमाणे'.

त्यावर सही करायची राहिली ती फक्त सुनंदा मॅडमची. मॅडम कोडिंग शिकवायच्या. शिकवायला येण्याआधी त्यांची उमेदीची सगळी वर्षं रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली होती, आणि तिथं मृत्यूच्या कारणाचे दाखले तपासणं हे त्यांचं रोजचं काम होतं. असला कागद त्यांनी आयुष्यात शेकड्यांनी परत पाठवला होता.

रुग्णालयात माणूस दगावला की डॉक्टरला 'फॉर्म ४' भरावा लागतो. त्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. 'अ' ओळीत मृत्यू ज्यानं ओढवला ते शेवटचं कारण. 'ब' ओळीत ते कशामुळं झालं. 'क' ओळीत तेही कशामुळं झालं. सगळ्यांत खालच्या ओळीवर जे येतं ते मूळ कारण. दुसऱ्या भागात, ज्यांनी मरण आणलं नाही पण हातभार लावला, अशा गोष्टी. आणि उजवीकडं एक अरुंद रकाना: किती काळापासून. रात्रपाळीनं थकलेला डॉक्टर पुष्कळदा पहिल्याच ओळीत 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून सही ठोकतो. हृदय आणि श्वास तर मरणाऱ्या प्रत्येकाचेच थांबतात. त्यातून एवढंच कळतं की माणूस गेला. जिल्ह्यात माणसं क्षयानं जातात, मधुमेहानं जातात की सापानं, हे अशा दाखल्यांच्या ढिगातून कुणालाच काढता येत नाही, आणि मग औषध कुठं पाठवायचं हेही कळत नाही.

"सर, हा कागद मी तपासनीस असते तर परत केला असता," मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या. "नापास झालेल्या प्रत्येकाचाच अभ्यास कमी पडलेला असतो. ते पहिल्या ओळीचं झालं. खालच्या ओळी कुणी भरल्याच नाहीत."

प्राचार्य काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांना संस्थेला उत्तर द्यायचं होतं. "मॅडम, गेल्या वर्षी आपण सकाळी सातचा जादा तास सुरू केला. गैरहजेरीला दंड लावला. अजून काय करायचं?"

"आणि निकाल?"

"खाली आला."

"म्हणजे रोग न तपासता औषध दिलं आपण. मला एक आठवडा द्या."

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडमनी प्रत्येकाला एकेक कागद वाटला. वर नाव. खाली अ, ब, क. त्याखाली भाग दोन. उजवीकडं 'किती काळापासून'. मुलांनी तो ओळखला. याच फॉर्मवर परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न होता आणि बहुतेकांनी तो सोडून दिला होता.

"आज मृत्यूचं कारण लिहायचं नाही, नापास होण्याचं लिहायचं. नियम तेच. शेवटी काय घडलं ते वर, आणि तिथून पायरी पायरीनं मागं जायचं. 'अभ्यास केला नाही' असं लिहिलेला कागद मी घेणार नाही. पास झालेल्यांनीही भरा, कुठं अडलात ते लिहा. मार्क नाहीत, प्राचार्यांना नावं जाणार नाहीत."

वर्ग बराच वेळ गप्प होता. मुलांना जाब विचारणारे पुष्कळ भेटलेले असतात. 'कशामुळं' हे खरोखर जाणून घ्यायला विचारणारा माणूस फार थोड्यांना भेटतो, आणि भेटला की आधी विश्वासच बसत नाही.

लक्ष्मी पूर्व भागातली. आई विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळा मराठी, बारावी कला शाखेतून, आणि इथं आल्यावर एकदम इंग्रजीतून शरीरशास्त्र. तिनं लिहिलं: अ, वैद्यकीय परिभाषेच्या पेपरात अर्धी उत्तरं कोरी. ब, शब्द पाठ केले होते, ते पेपरात एकमेकांत मिसळले. हायपर कुठला आणि हायपो कुठला ते आठवेना. क, यकृत कुठं असतं, मूत्रपिंड कुठं असतं, हेच कधी बघितलं नव्हतं, म्हणून शब्द कशालाच चिकटला नाही. किती काळापासून? 'पहिल्या तासापासून.'

इम्रानचे वडील यंत्रमागावर. माग बंद पडला तेव्हापासून इम्रान एका औषधाच्या दुकानात रात्रपाळी करत होता, आणि शिष्यवृत्तीची रक्कम अजून खात्यावर यायची होती. त्यानं तिन्ही ओळींत मिळून एकच गोष्ट लिहिली होती: झोप होत नाही.

स्नेहल इंग्रजी माध्यमातली, हुशार म्हणून नावाजलेली. कोडिंगच्या प्रॅक्टिकलला तीही आपटली. तिचा कागद सगळ्यांत नेटका होता आणि सगळ्यांत आखूड: 'नोट्समध्ये होतं तसंच लिहिलं. कुठं चुकलं ते मला माहीत नाही.'

वैभवनं मात्र नियम मोडून ठळक अक्षरांत लिहिलं, 'अभ्यास केला नाही', आणि खालच्या ओळींवर तिरपी रेघ ओढून दिली. आणि सविता नावाच्या मुलीचा कागद कोराच परत आला, कारण सविता दिवाळीनंतर वर्गात आलीच नव्हती.

त्या रात्री मॅडम कागद घेऊन बसल्या. कोडिंग करणाऱ्याला एक शिस्त असते. खालच्या ओळीवर लिहिलंय म्हणून ते मूळ कारण, असं तो आंधळेपणानं धरत नाही. खालच्या कारणातून वरचं खरोखर घडू शकतं का, हे आधी पडताळतो. साखळी जुळत नसेल तर दुसरीकडं शोधतो. इम्रानची साखळी जुळेना. झोप होत नाही हे खरं. पण मग तो आकडेवारीच्या पेपरात वर्गात तिसरा कसा आला? आरोग्य कायद्यात पास कसा? त्याला केटी लागली होती फक्त दोन प्रॅक्टिकल विषयांत. मॅडमनी वेळापत्रक काढलं. दोन्ही प्रॅक्टिकल सकाळी आठला. इम्रानचं दुकान सुटायचं आठला. त्यांनी हजेरीपट उघडला. आठच्या तासाला इम्रान जवळजवळ नाहीच, साडेनऊपासून पुढं एकही गैरहजेरी नाही. आणि सातचा जो जादा तास नापासांसाठी म्हणून काढला होता, तिथं न आल्याबद्दल त्याच मुलाकडून दंड घेतला होता. तो दंड भरायला त्यानं रविवारचीही पाळी धरली होती.

मॅडमनी रात्रपाळी उचलून भाग दोनमध्ये लिहिली. 'क' ओळीवर लिहिलं: वेळापत्रक.

मला या गोष्टीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. मुलांच्या दारिद्र्याबद्दल हळहळणं सोपं आहे. हळहळून झालं की आपलं काम संपलं असं वाटतं, कारण दारिद्र्य काही आपल्याला हटवता येत नाही. पण तास आठऐवजी दुपारी दोनला ठेवणं हे कुणाच्याही हातातलं होतं. मूळ कारण नेमकं सापडलं की पुष्कळदा ते आपल्याच टेबलावर सापडतं.

स्नेहलचं कोडं तिची उत्तरपत्रिका बघितल्यावर सुटलं. गरोदरपणात झालेल्या मधुमेहाला तिनं ई १४ हा कोड दिला होता. आयसीडी-१० चे तीन खंड. आधी तिसऱ्या खंडातल्या अकारविल्हे सूचीत शब्द शोधायचा, तिथं कोड मिळाला तरी थांबायचं नाही, पहिल्या खंडात जाऊन तो पडताळायचा. तिथं मधुमेहाच्या गटाखालीच लिहिलंय की गरोदरपणातला मधुमेह इथं धरू नये, त्याची जागा ओ २४. ही टीप स्नेहलनं कधी वाचलीच नव्हती. वाचणार कुठून? ग्रंथालयात या तीन खंडांचा एकच संच होता, आणि तो हरवू नये म्हणून कपाटात कुलपात असायचा. मुलं कोडिंग शिकत होती ती झेरॉक्सच्या नोट्सवरून. मॅडमनी बाकीचे कागद पुन्हा चाळले. वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शब्दांत, अर्ध्या वर्गानं 'ब' ओळीत हेच लिहिलं होतं: पुस्तक हातात घेतलं नाही, खरा केस पेपर बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग भरवला नाही. मुलांना घेऊन त्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. तिथं केशवमामा होते. मामांची निवृत्ती जवळ आली होती. पदवी नाही, पण जिन्यापासून भिंतीपर्यंतच्या लोखंडी रॅकमधली कुठलीही फाइल ते मागितल्या मागितल्या काढून देत.

खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. मंगळवेढ्याकडच्या. बरोबर शाळेच्या गणवेशातला मुलगा. नवरा रात्री ज्वारीला पाणी द्यायला गेला होता, कारण शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीचीच होती. बांधावर मण्यार चावली. रुग्णालयात आणेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या होत्या, आणि पहाटे श्वास थांबला. शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात, सर्पदंशही त्यात धरतात, म्हणून बाईंनी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात अर्ज दिला होता. तिथं कागद अडला. पंचनाम्यात साप होता. रुग्णालयाच्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' होतं, खालच्या ओळी कोऱ्या.

"ते म्हणत्यात, कागद जुळंना. दवाखान्यातून खुलासा आणा," बाई म्हणाल्या. "तिसरा हेलपाटा हाय दादा. इथं म्हणत्यात फाइलच गावंना."

मामांनी संगणकावर नंबर बघितला. शेवटचे दोन आकडे १९. ते मुलांकडं वळले. "कुठं बघायचं, सांगा की."

कुणी बोलेना. ही पद्धत सगळ्यांनी पाठ केली होती, तिचे पाच फायदे आणि तीन तोटे लिहूनही आले होते. नंबर उजवीकडून वाचायचा. शेवटचे दोन आकडे म्हणजे रॅकचा विभाग, मधले दोन म्हणजे त्यातला कप्पा, पहिले दोन म्हणजे कप्प्यातला क्रम. लक्ष्मी हळूच म्हणाली, "एकोणीसचा विभाग." ती स्वतःच जाऊन शोधायला लागली. फाइल तिथं नव्हती.

"नाहीच तिथं," मामा म्हणाले. "मी काल बघितलंय. आता काय करशील?"

"माहीत नाही मामा."

"चुकलेली फाइल बी कुठंतरी नियमानंच चुकलेली असती. वॉर्डातनं येताना नंबर हातानं घातल्यात पाठीवर, मराठी आकड्यांत. घाईत नऊचं गाठोळं नीट वळलं नाही की त्याचा एक होतोय. अकराच्यात बघ. नसली तर आकडे उलटे करून एक्याण्णवच्यात."

फाइल अकराच्या विभागात सापडली. लक्ष्मीनं ती मॅडमसमोर उघडली. दाखल करतानाची नोंद घाईच्या अक्षरात होती, पण होती: शेतात सर्पदंश, रात्रीचे दोन, पापण्या झुकलेल्या, गिळता येत नाही, प्रतिविष सुरू केलं. प्रतिविषाच्या कुप्यांची नोंद नर्सनं वेळेसकट केलेली. मॅडम ती फाइल घेऊन वर गेल्या, संबंधित डॉक्टरांना भेटल्या. डॉक्टरांनी नोंद वाचली, खुलासा लिहून दिला: अ, श्वसनाचे स्नायू निकामी, ब, मण्यारीचा दंश. बाईंनी तो कागद दोनदा घडी घालून पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, आणि मुलाला वाचायला सांगितलं.

बाई गेल्यावर मॅडमनी विचारलं, "या मृत्यूचा मूळ कारणाचा कोड काय?"

स्नेहलनं या खेपेस नोट्स काढल्या नाहीत. कपाटातून आणलेला तिसरा खंड तिच्या हातात होता. सूची, मग पहिला खंड, मग खालची टीप. दहा मिनिटं लागली. "एक्स २०. विषारी सापाचा दंश. श्वास थांबणं मूळ कारणात येतच नाही मॅडम."

वैभव रॅकला टेकून उभा होता. परत येताना जिन्यात तो मॅडमच्या मागं रेंगाळला. "मॅडम, तो कागद परत द्या. नीट भरून देतो."

त्यानं जे लिहिलं ते वाचायला कठीण होतं. नीटला दोनदा बसला, मार्क कमी पडले. इथं प्रवेश घेतला तो घरी बसू नये म्हणून. गल्लीत आईवडील सांगतात, पोरगा 'मेडिकलला' आहे. कोणी जास्त विचारू नये म्हणून सणासुदीला तो घरीच जात नाही. आणि 'क' ओळीवर: हा कोर्स करून माणूस नेमका काय होतो, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मी कारकून होणार असं मला वाटत होतं.

मॅडमनी त्याला समोर बसवलं. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात या व्यवसायाचं नाव वेगळं लिहिलंय, हे त्याला माहीत नव्हतं. मग त्यांनी डॉक्टर हिंमतराव बावस्करांची हकीकत सांगितली. १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावून धडधाकट माणसं आणि मुलं दगावत होती, आणि नेमकी कशानं ते कळत नव्हतं. हा तरुण डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, सगळं वेळेनिशी लिहून ठेवायचा. त्या नोंदींतून दिसलं की विषाचा घाव हृदयावर बसतो आणि फुप्फुसात पाणी भरतं. १९८२ साली त्यांचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि कोकणात विंचवानं मरणारी माणसं वाचायला लागली.

"नोंद आधी, वैभव. औषध त्याच्या मागून आलं. तू जे शिकतोयस ते ती नोंद आहे."

वैभव काही बोलला नाही. त्या रविवारी मात्र तो गावाला जाऊन आला.

आठवडा संपला. मॅडम प्राचार्यांकडं गेल्या त्या दोन पानं घेऊन. नावं नव्हती, साखळ्या होत्या. प्राचार्यांनी त्या लक्ष देऊन वाचल्या आणि चष्मा काढला.

"मॅडम, हे सगळं खरं असेल. पण अशानं मुलांना सबब मिळते. उद्या कुणीही म्हणेल, माझी 'क' ओळ वेगळी होती."

"सर, मधुमेहानं पाय कापावा लागला, असं लिहिलं म्हणून कुणी मधुमेहाला माफ करत नाही. उलट तेव्हाच साखर तपासायला घेतो. मूळ कारण लिहिलं की कुणीतरी कामाला लागावं लागतं. पोरांना लागावं लागेल, आपल्यालाही लागेल."

"म्हणजे यात आपणही आहोत?"

"तिसऱ्या साखळीत वेळापत्रक आहे. सातव्यात कुलूप आहे. ते आपलंच."

प्राचार्यांनी लगेच सगळं मान्य केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. सातचा तास त्यांनी बंद केला, दंडही. प्रॅक्टिकल दुपारी दोनला गेलं. आयसीडीचे आणखी संच घ्यायला पैसे नाहीत म्हणाले. मग पहिला संच कुलपातून बाहेर आला आणि वर्गातच साखळीनं टेबलाला बांधून ठेवला, पोरं पाळीपाळीनं वापरू लागली. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलानं रेकॉर्ड रूमच्या खिडकीत बसायचं, हे ठरायला मात्र दोन बैठका लागल्या. रुग्णाची माहिती गोपनीय असते, नव्या पोरांच्या हाती कशी द्यायची, हा प्राचार्यांचा आक्षेप रास्त होता. शेवटी मुलांकडून गुप्ततेची लेखी हमी घ्यायची आणि मामांच्या नजरेखालीच काम करायचं, यावर तडजोड झाली. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी वेगळा माणूस मागितला होता, तो मिळाला नाही. शरीरशास्त्राच्या सरांनी लक्ष्मीसारख्या मुलांना आठवड्यातून एकदा मॉडेलसमोर उभं करून अवयव दाखवायचं कबूल केलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं. गॅस्ट्रो म्हटलं की पोटावर हात, हेपॅटो म्हटलं की उजव्या बरगडीखाली. लक्ष्मी घरी आईच्या पोटावर हात ठेवून सराव करायची. विड्यांच्या सुपापुढं बसलेली आई हसायची आणि तेलुगूत त्या जागेचं नाव सांगायची.

पुरवणी परीक्षेत इम्रान दोन्ही विषयांत सुटला. स्नेहल पहिली आली. लक्ष्मी परिभाषेत काठावर पास झाली, आणि तिच्यासाठी ते पुष्कळ होतं. वैभवचा एक विषय राहिला. सगळी सुटली नाहीत. दोघांनी अभ्यासक्रम सोडला, आणि त्यांतल्या एकाचं मूळ कारण खरोखरच हे होतं की त्याला दुसरंच काही शिकायचं होतं. ते कळणंही चांगलंच.

उरला होता सवितेचा कोरा कागद. तो मॅडमनी स्वतःच भरायला घेतला. अ, परीक्षेला गैरहजर. ब, लग्न. 'क' ओळीवर त्यांचा हात थांबला. लग्न झालेल्या पुष्कळ मुली शिकतात. सासरच्यांनी हिलाच का थांबवलं? त्यांना वैभवची खालची ओळ आठवली. हा कोर्स करून काय होतं हे वर्गातल्या पोरालाच ठाऊक नसेल, तर बार्शी तालुक्यातल्या सासऱ्याला कोण सांगणार? पण हा अंदाज झाला. दाखला अंदाजानं भरायचा नसतो. पुढच्या वर्षाच्या परीक्षेचे अर्ज सुरू होते. मॅडमनी लक्ष्मीला बरोबर घेतलं आणि एसटी धरली.

सवितेच्या सासरी अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. सासूनं पाणी दिलं, चहा टाकला. सविता चौकटीआड उभी राहिली. सासरे, सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, सौम्य माणूस होते.

"शिकण्याला आमची ना नाही मॅडम. पण डॉक्टर नाही, नर्स नाही. हे शिकून करायचं काय? रोज सोलापूरला जाऊन यायचं, तेही कशासाठी?"

मॅडम बोलणार तोच लक्ष्मीनं मंगळवेढ्याच्या बाईंची सगळी हकीकत सांगितली, साप, अडलेला अर्ज आणि अकराच्या विभागात सापडलेली फाइल. आण्णा ऐकत राहिले. मग उठले, आत गेले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड घेऊन आले.

"मोतीबिंदू काढला माझा दिवाळीत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचा आहे. यात काय लिहिलंय, कुणी सांगत नाही आम्हाला."

मॅडमनी कार्ड घेतलं नाही. त्यांनी चौकटीकडं बघितलं. "सविता, तू वाच."

सविता पुढं आली. पदर सावरून तिनं कार्ड हातात धरलं, दोन ओळी मनात वाचल्या, आणि तिथंच थांबली. "आण्णा, तुमचा झालाय तो डोळा कुठला?"

"उजवा. हा काय."

"इथं ओएस लिहिलंय. ओएस म्हणजे डावा डोळा. उजवा असता तर ओडी लिहिलं असतं." तिनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि पुढच्या तारखेला लिहिलंय, दुसरा डोळा. यांच्या कागदाप्रमाणं दुसरा म्हणजे उजवा होतोय. तो तर झालाय. जायच्या आधी दवाखान्यात दाखवून हे दुरुस्त करून घ्यायला पाहिजे."

आण्णांनी कार्ड परत घेतलं, अक्षरांकडं निरखून बघितलं, आणि पुन्हा सवितेच्या हातात दिलं. "तूच चल मग माझ्याबरोबर."

"फॉर्म भरायची शेवटची तारीख काय म्हणालात मॅडम?" चहाचे कप उचलता उचलता सासूबाईंनी विचारलं.

"शुक्रवार."

"आण्णांचा दवाखाना बी सोलापुरातच हाय," त्या म्हणाल्या. "दोन्ही कामं एकदमच उरकून या. पहाटेची गाडी कितीला असती गं, सविता?"